प्रिस्किल्ला, अक्विला आणि ‘डिपेन्डन्ट’चा शिक्का



दरवर्षी ८ जुलैला एका जोडप्याचा स्मरणदिन येतो आणि कोणाच्या लक्षात न येता निघून जातो. हे जोडपे म्हणजे अक्विला आणि प्रिस्किल्ला. अक्विला पंत प्रांतात जन्मलेला यहुदी, धंद्याने तंबू करणारा. पत्नीसह तो रोममध्ये राहत होता. यहुद्यांनी रोम सोडून जावे असा क्लौद्य कैसराने हुकूम काढला आणि या दोघांना बिऱ्हाड आवरून करिंथ गाठावे लागले. तेथे पौल त्यांच्या घरी उतरला, कारण त्याचाही धंदा तोच होता. पुढे ते इफिसला गेले आणि नंतर पुन्हा रोममध्ये दिसतात. तेव्हा व्हिसा नव्हता. पण राजाचा एक कागद निघाला की माणसाचा संसार रस्त्यावर येत होता.

या जोडप्याविषयी एक बारीक गोष्ट पाहा. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा ठिकाणी आहे आणि सहाही ठिकाणी दोघांची नावे बरोबर येतात. एकट्याचे नाव कोठेच नाही. त्यांतल्या चार ठिकाणी तर पत्नीचे नाव आधी आहे. परमुलखात दोघेही काम करीत होते, दोघांच्या घरी मंडळी जमत होती आणि अपुल्लोसासारख्या विद्वानाला दोघांनी मिळून शिकवले. प्रिस्किल्ला कोणाची ‘डिपेन्डन्ट’ होती असे शास्त्र म्हणत नाही.

हा शब्द मला आजकाल वारंवार ऐकावा लागतो. धर्मग्रामाच्या कचेरीत विवाहाचा दाखला मागायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो व्हिसासाठी हवा असतो. “फादर, इंग्रजीतून द्या, आणि नाव पासपोर्टप्रमाणे टाका,” एवढे बोलून ते घड्याळाकडे बघतात. कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीतही आता हे घरोघरी झाले आहे. मुलगा हिंजवडीच्या कंपनीत लागतो, काही वर्षांनी ऑनसाइट जातो, लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा घेऊन येतो. लग्नाच्या जेवणातही पाहुणे विचारतात ते व्हिसाचेच: “आला का? कधी जाणार?” वधूची आई हसून वेळ मारून नेते, पण तिच्या पोटात गोळा आलेला असतो.

म्हणून हा कागद आहे तरी काय, ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत संगणकाच्या कामासाठी जाणाऱ्या बहुतेकांना एच-१बी व्हिसा असतो आणि त्याच्या पत्नीला (किंवा तिच्या पतीला) एच-४. या एच-४ ला स्वतःचे पाय नाहीत. एच-१बी उभा आहे तोवर तो उभा. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे फार तर ६० दिवसांची सवड मिळते, आणि ते दिवस दोघांचेही मोजले जातात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर शाळेत जाणाऱ्या मुलांसकट सामान बांधायचे.

नूतनीकरणाच्या बाबतीत पुष्कळ घरांत एक गोंधळ असतो. पासपोर्टवरचा शिक्का वेगळा आणि राहण्याची परवानगी वेगळी. शिक्का हा दारातून आत येण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या नोंदीवर ठरते, आणि ती मुदत तेथे राहूनच, आय-५३९ हा अर्ज भरून वाढवून मागता येते. त्यामुळे शिक्क्याची तारीख उलटलेली बाई तेथे पूर्ण कायदेशीर राहत असू शकते. तिच्या सासरच्यांनी उगाच धसका घेऊ नये. मात्र ती वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला आली की परत जायला नवा शिक्का लागतो, आणि त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीची पायरी चढावी लागते. पूर्वी अनेकांचे हे काम कागदपत्रे पेटीत टाकून होत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना प्रत्यक्ष मुलाखत सक्तीची झाली. पुढे १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या सर्व अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचे ठरले आणि भारतातल्या वकिलातींनी त्या महिन्यातल्या कितीतरी मुलाखती काही महिन्यांनी पुढे ढकलल्या. नाताळच्या सुट्टीला दोन-तीन आठवड्यांसाठी आलेली माणसे येथेच अडकली. नवरा तिकडे, बायको इकडे. कोठे याच्या उलट. मूल मात्र दोन्हीकडे रडणार.

तिला तेथे काम करता येते का? सरसकट नाही. २६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना नोकरीचा परवाना मिळू लागला, तोही पतीच्या ग्रीन कार्डाचे काम ठराविक टप्प्याला पोचले असेल तर. त्याविरुद्धचा खटला दहा वर्षे चालला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला, म्हणून परवाना टिकला. पण त्याच महिन्याच्या ३० तारखेपासून दुसरा दोर कापला गेला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल तर निकाल येईपर्यंत जुना परवाना आपोआप चालू राहण्याची सोय होती, ती नव्या अर्जांसाठी बंद झाली. म्हणजे कार्ड हातात येईपर्यंत बाईने नोकरी थांबवून घरी बसायचे. येथे एम.ई., एम.सी.ए. झालेल्या आपल्या मुली तेथे वर्षानुवर्षे नुसत्या टपालाच्या पेटीकडे बघत बसतात.

ब्रिटनचा प्रकार वेगळा. तेथील नागरिकाशी किंवा कायम रहिवाशाशी लग्न झाले, तर भारतातून अर्ज करणाऱ्या जोडीदाराला पहिल्यांदा ३३ महिने मिळतात, नंतर ३० महिन्यांचे नूतनीकरण, आणि पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. प्रत्येक टप्प्यावर इंग्रजीची पायरी एकेक वाढते. उत्पन्नाची अटही आहे. २०१२ मध्ये ती वर्षाला १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ रोजी नव्या अर्जदारांसाठी २९,००० केली गेली. शिवाय नाते खरे आणि चालू आहे हे दाखवायचे, म्हणजे फोटो, फोनचे संदेश, एकत्र पत्त्यावरची बिले. विजेच्या बिलावरून संसार ओळखण्याची कला साहेबाला अवगत आहे असे दिसते! पण हसून सोडू नका. खोटी लग्ने लावणाऱ्यांमुळेच खऱ्या जोडप्यांवर ही वेळ आली आहे.

या सगळ्याचा अर्थ काय होतो, ते कॅन्सस राज्यातल्या एका घटनेने जगाला दिसले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याची एका माथेफिरूने गोळी घालून हत्या केली. त्याची पत्नी सुनयना दुमाला पतीचे शव घेऊन हैदराबादला आली. तिचा तेथला हक्क पतीच्या व्हिसाला बांधलेला होता, आणि पतीच्या मृत्यूबरोबर तो संपला. जेथे दहा वर्षे राहिली, जेथे तिचे घर होते, तेथे परतण्याचा मार्ग तिला उरला नव्हता. केव्हिन योडर या तेथील लोकप्रतिनिधीने खटपट केली तेव्हा तिला परत जाता आले. ज्यांच्यासाठी कोणी लोकप्रतिनिधी धावत नाही, त्यांचे काय होत असेल?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनासच्या आधाराने आम्हाला ‘द्रव्य’ आणि ‘गुण’ हा भेद घोकून घ्यावा लागे. द्रव्य स्वतःच्या आधाराने असते. गुणाला राहायला दुसऱ्याचा आधार लागतो. भिंत नसेल तर भिंतीचा पांढरा रंग कोठे राहणार? तेव्हा हे परीक्षेपुरते वाटले होते. आता व्हिसाचे अर्ज चाळताना ते आठवते. सरकारचे दप्तर पत्नीला भिंतीवरच्या रंगासारखे लिहिते, म्हणजे पती आहे म्हणून ती आहे. सरकारला मोजदादीसाठी तसे लिहावे लागत असेल. त्याच्याशी मी भांडत नाही. माझे भांडण आहे ते आपल्या घरांशी. दप्तरातला शब्द उचलून आपण तो स्वयंपाकघरात आणतो. “माझ्यामुळे तू इथे आहेस,” हे वाक्य परदेशातल्या किती भाड्याच्या घरांत रोज उच्चारले जाते, ते सुट्टीवर आलेल्या मुली कन्फेशनबाहेरही मला सांगतात. विवाहाच्या वेळी दोघांनी वेदीसमोर स्वतंत्रपणे संमती दिलेली असते. तीच संमती विवाह घडवते. कोणीही कोणाच्या आधारावर ‘होय’ म्हटलेले नसते.

आता लग्नाआधीच्या खरेपणाविषयी, कारण निम्मी दुखणी तेथूनच सुरू होतात. मुलगा ‘अमेरिकेत सेटल’ आहे असे स्थळ येते. सेटल म्हणजे काय? ग्रीन कार्ड आहे, की एच-१बी चे सहावे वर्ष संपत आले आहे? पगार पत्नीला नेण्याइतका आहे का? आखाती देशांत हा प्रश्न फार मोठा आहे. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी महिन्याला ४,००० दिरहॅम, किंवा राहण्याच्या जागेसह ३,००० दिरहॅम पगार लागतो. त्याहून कमी पगारावर राबणारे आपले कितीतरी भाऊ तेथे एका खोलीत आठ-आठ जण राहतात. त्यांच्या कष्टांना कमीपणा नाही. पण ‘सहा महिन्यांत घेऊन जातो’ असे वधूला सांगायचे आणि सहा वर्षे दोन वर्षांतून एकदा भेटायचे, हे बरे नव्हे. धर्मसभेच्या कायद्याचे १०९८ वे कलम आपण सर्वांनी माहीत करून घ्यावे. संमती मिळवण्यासाठी जोडीदाराच्या एखाद्या गुणाबाबत मुद्दाम फसवणूक केली, आणि ती बाब वैवाहिक जीवन गंभीरपणे बिघडवणारी असली, तर तो विवाह मुळातच अवैध ठरू शकतो. प्रत्येक वाढवून सांगितलेला पगार या कलमात बसेल असे नाही. पण आधीचे लग्न, कर्ज, गेलेली नोकरी, देशाबाहेर काढल्याचा हुकूम लपवणाऱ्यांनी ते एकदा वाचावे.

खोटे बोलून पत्नीला अडचणीत टाकण्याची गोष्ट बायबलइतकी जुनी आहे. दुष्काळात मिसर देशात गेल्यावर आब्राहामाने जिवाच्या भीतीने साराला आपली बहीण म्हणून सांगितले. त्याला मेंढरे-गाढवे मिळाली, आणि किंमत मोजायला सारा राजाच्या वाड्यात गेली. आजही सोपे पडते म्हणून अर्जावर ‘अविवाहित’ लिहिणारे आहेत. अमेरिकेच्या कायद्यात अशा खोट्या माहितीमुळे प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. मग एजंट हात वर करतो, आणि बायको माहेरी बसते.

कचेरीत नेहमी येणारी एक अडचण सांगतो. व्हिसाचे काम लवकर सुरू व्हावे म्हणून काही घरे आधी सरकारी नोंदणी उरकतात आणि चर्चमधले लग्न सहा-आठ महिन्यांनी, हॉल मिळेल तेव्हा ठेवतात. मधल्या काळात मुले कायद्याने नवरा-बायको असतात, धर्मसभेच्या दृष्टीने नसतात. या मधल्या काळात काही बिनसले तर मुलीच्या नावावर घटस्फोट लागतो, आणि ती तर एक दिवसही सासरी गेलेली नसते. याला साधा उपाय आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे चर्चमध्ये लागलेला विवाह कायद्यानेही विवाहच असतो, आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीतील नोंदींची माहिती सरकारी निबंधकाकडे दर तिमाहीला जाते. तेव्हा संस्कार आधी, साधेपणाने, दोन साक्षीदारांसमोर करून घ्या. मेजवानी नंतर द्या, हवी तेवढी मोठी द्या. मीही जेवायला येईन. परदेशी वकिलातीला महापालिकेचा दाखला हवा असेल, तर राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली क्षेत्रीय कार्यालयात त्या विवाहाची नोंदणी होते. कसब्यातल्यांना तर ते कार्यालय पायी जाण्यासारखे आहे. काही देशांना अपोस्टिल लागते, म्हणजे आधी राज्य शासन आणि मग परराष्ट्र मंत्रालय यांची मोहोर. भारत या करारात २००५ मध्ये सामील झाला.

आणि नावे! बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. वहीतले ‘पेत्र’ पासपोर्टवर ‘पीटर’ होतात, आडनाव कोठे ‘साळवे’ तर कोठे ‘साळवी’. वहीत जे आहे तेच मला दाखल्यावर लिहिता येते. दुरुस्तीची रीत आहे, पण ती एका सकाळीत होत नाही. विमानाचे तिकीट काढण्याच्या आधी या.

आता सर्वांत जड विषय. लग्न करून परदेशी नेऊन टाकून दिलेल्या, किंवा सुट्टीला म्हणून पुण्याला आणून पासपोर्ट काढून घेऊन येथेच सोडलेल्या मुलींच्या तक्रारी इतक्या वाढल्या की राष्ट्रीय महिला आयोगाने २००९ मध्ये त्यासाठी वेगळा एन.आर.आय. कक्ष उघडला. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८७ व्या अहवालात अशा विवाहांसाठी स्वतंत्र, सर्वसमावेशक कायद्याची शिफारस केली. हे सारे आपल्या समाजात घडत नाही असे समजू नका. छळ सोसणारी मुलगी गप्प का बसते? तक्रार केली तर नवऱ्याची नोकरी जाईल, नोकरी गेली की आपलाही व्हिसा जाईल, मग तोंड घेऊन कसे परतायचे, असा तिचा हिशेब असतो. तिला कोणी सांगत नाही की वाट आहे. अमेरिकेत २००५ च्या कायद्यातील तरतुदीनुसार छळ झालेल्या एच-४ पत्नीला स्वतःच्या नावावर कामाचा परवाना मागता येतो. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या आणि घरगुती अत्याचाराने संसार मोडलेल्या पत्नीला स्वतःच्या हक्काने कायम राहण्याचा अर्ज करता येतो. आई-वडिलांनो, फोनवर “जमवून घे” म्हणण्याआधी हे तिला सांगा. सहन करणे हा सद्गुण आहे, पण मार खाणे हा संस्काराचा भाग नाही, आणि कोणा धर्मगुरूने तसे सांगितले असेल तर ते चुकीचे सांगितले. पासपोर्टवर नाव जिचे तिच्याच पर्समध्ये तो राहिला पाहिजे. सासऱ्यांच्या कपाटात नाही, ‘सुरक्षित राहील’ म्हणून नवऱ्याच्या लॉकरमध्येही नाही.

पुरुषांनी हे केवळ बायकांचे प्रकरण समजू नये. आपल्या धर्मग्रामांतून नर्सिंग करून बाहेर जाणाऱ्या मुली कमी नाहीत, आणि तेथे डिपेन्डन्ट असतो तो नवरा. आयर्लंडने १५ मे २०२४ पासून साध्या रोजगार परवान्यावर आलेल्यांच्या जोडीदारालाही वेगळ्या परवान्याशिवाय काम करू देण्याचे ठरवले, हे चांगले झाले. ब्रिटनने मात्र ११ मार्च २०२४ पासून, वृद्धांची सेवा करायला नव्याने येणाऱ्या केअर वर्करना नवरा-मुले आणण्याचीच बंदी केली. दुसऱ्याच्या आई-बापांना भरवायचे आणि आपले लेकरू व्हिडिओ कॉलवर जेवताना बघायचे. बायकोच्या व्हिसावर गेलेला नवरा पहिले सहा महिने घरी बसतो, भांडी घासतो आणि मित्रांना ‘कन्सल्टिंग करतोय’ म्हणून सांगतो. भांडी घासण्यात लाज कसली? जे काम बायकोने केले तर रीत, ते त्याने केले तर अपमान कसा?

याच पुण्यात जन्मलेली आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकत्याहून बोटीने नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाली. व्हिसा लागत नव्हता. अडवणारे आपलेच लोक होते. नवरा, गोपाळराव, मागे राहिला आणि तिला पदवी मिळण्याआधी मागाहून तेथे पोचला. डॉक्टर होऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच वारली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी आधी मदत मागितली होती ती ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, आणि त्यांना धर्मांतराची गोष्ट ऐकवली गेली. मदत केली ती रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी, कोणतीही अट न घालता. आपण ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट विसरू नये. पण आज सांगायचे ते गोपाळरावांविषयी. ते हट्टी होते, रागीट होते, पत्नीला त्यांनी पुष्कळ त्रासही दिला. तरी बायको पुढे आणि आपण मागून, हे त्या काळात त्यांनी चारचौघांत पत्करले.

नियम आज एक तर उद्या दुसरे असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या वकिलातीच्या अधिकृत माहितीवरच विसंबा. लक्ष्मी रोडवरच्या एजंटावर नको, माझ्यावरही नको. माझ्याकडे येताना विवाहाच्या चौकशीच्या अर्जाबरोबर आता एक जादा कागद आणायचा आहे. वर किंवा वधू परदेशी असेल तर त्यावर चार उत्तरे हवीत. राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे आणि केव्हा संपतो? जोडीदाराला नेता येईल का, किती दिवसांत? तेथे त्याला किंवा तिला काम करता येईल का? नोकरी गेली तर दोघांनी काय करायचे ठरवले आहे? या चौथ्या प्रश्नावर घरच्या वडीलधाऱ्यांनी आधी बोलून घेऊ नये. उत्तर मुलीने स्वतःच्या हाताने लिहावे आणि मुलाने स्वतःच्या हाताने, आणि दोन्ही कागद दोघांनी माझ्यासमोर एकमेकांना वाचून दाखवावेत. कचेरी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर उघडी असते.